रॉटलेवी विरुद्ध रुबिनस्टाइन: पांढऱ्याचे नेमके कुठे चुकले?

दांडिया बाजारचे प्यादे (बडोदे)
१९०७ साली वूच (पोलंड) येथे झालेला रॉटलेवी (पांढरा) विरुद्ध रुबिनस्टाइन (काळा) हा बुद्धिबळाचा डाव मी आठवडाभर पटावर मांडून पाहत आहे. बाविसाव्या खेळीत काळ्याने वजीर सोडून सी३ वरचा (सी हा उभा स्तंभ, ३ ही आडवी ओळ) घोडा हत्तीने मारला, हे आता तोंडपाठ झाले आहे. परंतु पहिल्या पंधरा खेळींत पांढऱ्याची ठळक चूक मला एकही सापडत नाही. मग काळ्याच्या पंचविसाव्या खेळीनंतर त्याला शरण का जावे लागले?

सूरसागर
वजिराचे बलिदान तूर्त बाजूला ठेवा. पंधराव्या खेळीत पांढऱ्याने किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणे) केला, तिथे थांबा आणि दोन्ही बाजू ताडून पाहा. उंट, घोडे, वजीर, प्यादीसुद्धा आरशात पाहावीत तशी सारखी आहेत. फरक इतकाच की काळ्याचा हत्ती डी८ वर पोहोचला आहे आणि वर पाळीही त्याचीच आहे. म्हणजे पहिली खेळी त्याची असल्याने मुळात एक पाऊल पुढे असलेला पांढरा दोन खेळी हरवून बसला. पहिली वजिराने घालवली, कारण तो आधी डी२ वर आणि मग इ२ वर गेला. दुसरी उंटाने घालवली: पांढऱ्याने सी५ चे प्यादे मारले तेव्हा काळ्याचा उंट अजून घरीच होता, तर काळ्याने मात्र पांढरा उंट डी३ वर येईपर्यंत वाट पाहून मगच सी४ चे प्यादे मारले.

तिरका उंट
हिशेब बरोबर आहे, पण केवळ दोन खेळींनी डाव हरत नाही. मागे पडलेल्याने पट बंद ठेवावा, म्हणजे रेषा मोकळ्या होऊ देऊ नयेत. इथे पांढऱ्याने एफ४, इ४, इ५ अशी प्यादी रेटून स्वतःच्याच राजाकडे जाणारी तिरकी रेषा मोकळी केली आणि एकोणिसाव्या खेळीत बी६ वरून शह ओढवून घेतला. याच्या शेजारी २०१३ चा वाइक आन झे (नेदरलँड्स) येथील अरोनियन विरुद्ध आनंद हा डाव मांडा. सुरुवातीच्या खेळींची पद्धत निराळी, सेमी-स्लाव्ह नावाची. तरी काळ्याचे दोन्ही उंट आणि जी४ वरचा घोडा तसेच राजावर रोखलेले दिसतील.

दांडिया बाजारचे प्यादे
आभारी आहे. आताच गेल्या रविवारचा माझा हरलेला डाव काढून मोजला: बारा खेळींत वजीर चार वेळा हलला आहे.