लॉबीतली गाठोडी आजच्या आज हलवा

सेक्रेटरी (ए-२०१), ७:४२
सुप्रभात. पूरग्रस्तांसाठीची गाठोडी आता चौदा-पंधरा झाली आहेत. लिफ्टचं दार अर्धंच उघडतंय. ज्यांनी रात्री न सांगता ठेवली त्यांनी आजच्या आज उचलावीत. मीटर रूमची किल्ली मिळणार नाही, आधीच सांगतो.

काकू (बी-३०३), ७:५०
चांगल्या कामाला दिलंय सगळ्यांनी. इतकं तोडून बोलायची काय गरज?

सेक्रेटरी (ए-२०१), ७:५२
काकू, तुम्हाला उद्देशून नाही. पण काल पहिल्या मजल्यावरच्या आजींना काठी घेऊन गाठोड्यांवरून जावं लागलं.

काका (सी-५०२), ७:५५
मागच्या वेळच्या मदत निधीचा हिशोब अजून ग्रुपवर आलेला नाही.

बी-४०२, ८:०१
एका गाठोड्यातून फक्त डावी चप्पल डोकावतेय. उजवी कुणाकडे राहिली असेल तर पाठवा रे 😀

काकू (बी-३०३), ८:०४
चेष्टेचा विषय आहे का हा?

बी-४०२, ८:०५
सॉरी काकू. पण खरंच एकच आहे.

ताई (सी-१०४), ८:२०
ती चप्पल मीही पाहिली. वास येत होता म्हणून काल रात्री दोन गाठोडी उघडली. आत ओलसर पडदे, उसवलेले परकर, बटणं नसलेले शर्ट. कुणावर राग नाही, पण बोलायलाच हवं. मी दोन मदत छावण्यांमध्ये काम केलंय. तिथे पहिल्या दिवशी जुने कपडे कुणी मागत नाही. लोक पाणी मागतात. फोन चार्ज करायला जागा मागतात, कारण घरचं माणूस सापडायचं असतं. बायका आडोसा मागतात. कपड्यांचा ट्रक आला की चार कार्यकर्ते दिवसभर निवडत बसतात आणि नेमके तेच चौघे पाण्याच्या टाकीवर हवे असतात. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. देणाऱ्यांची भावना खोटी नव्हती. पण आधी विचारलंच नव्हतं कुणी.

आजोबा (ए-४०१), ८:३१
ताई, आमच्या लहानपणी म्हणायचे, धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत. ज्याचं सगळं वाहून गेलं त्याने निवड करत बसायचं का?

ताई (सी-१०४), ८:३५
आजोबा, ती म्हण घेणाऱ्यासाठी आहे. देणाऱ्याने दात मोजूनच गाय द्यावी.

काका (सी-५०२), ८:३६
परत विचारतो. मागच्या निधीचा हिशोब?

खजिनदार (बी-२०१), ८:३८
काका, टाकतो म्हटलंय ना. ऑफिसला निघालोय.

काका (सी-५०२), ८:३९
हे तुम्ही मागच्या महिन्यातही म्हणालात.

बी-३०१, ८:४७
कपडे नकोत तर आमच्याकडे दूध पावडरचे डबे आणि औषधं आहेत. बाबांच्या गोळ्या बदलल्या, जुन्या उरल्यात. वाया जाण्यापेक्षा उपयोगी पडतील.

ताई (सी-१०४), ८:५८
दोन्ही नको, प्लीज. छावणीत पाणी गढूळ आणि बाटली उकळायची सोय नाही. अशा वेळी पावडरच्या दुधाने तान्ह्या बाळाला जुलाब लागतात आणि तेच जीवावर बेततं. आईला बसायला शांत जागा आणि पोटभर जेवण मिळालं तर ती अंगावर पाजू शकते. वरच्या दुधावरच असलेल्या बाळांसाठी तिथले आरोग्य कर्मचारी वेगळी सोय करतात.
आणि उरलेल्या गोळ्या तर अजिबात नको. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम आहे की दान केलेलं औषध पोचेल तेव्हा त्याची मुदत किमान एक वर्ष शिल्लक हवी आणि एकाला दिलेलं औषध परत घेऊन दुसऱ्याला द्यायचं नाही. बोस्नियाच्या युद्धात १९९२ ते १९९६ मध्ये निरुपयोगी औषधांचा असा साठा झाला की तो नष्ट करणं हेच मोठं काम होऊन बसलं.

बी-३०१, ९:०२
अरे बापरे. हे माहीत नव्हतं. डबे बाजूला ठेवते.

बी-४०२, ९:०५
मग द्यायचं तरी काय? आपण उंटावरून शेळ्या हाकतोय असं वाटायला लागलंय.

ताई (सी-१०४), ९:१६
आज दुपारी तिथल्या छावणीच्या माणसाला फोन करते, यादी मागते. पण एक सांगते, बाजार चालू असेल तर पैसे सगळ्यात उपयोगी. एका घराला गादी हवी असते, दुसऱ्याला मुलीची वह्या-पुस्तकं, तिसऱ्याला शिलाई मशीन दुरुस्त करायचं असतं. आपण इथून कसं ओळखणार? अमर्त्य सेन यांनी १९४३च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून दाखवलं की लाखो माणसं मेली ती धान्य मुळात नव्हतं म्हणून नव्हे, विकत घ्यायची ऐपत उरली नाही म्हणून. पूर असो, युद्ध असो की नोकरी गेलेली असो, हातातला पैसा आटणं सगळीकडे सारखंच.

काका (सी-५०२), ९:१७
पैसे म्हणजे पुन्हा निधी. मागच्या निधीचा हिशोब आधी.

ए-३०२, ९:२५
मी स्पष्ट बोलतो. मागे ए-४०१ यांनी लांबच्या देशातल्या युद्धग्रस्तांसाठी आवाहन टाकलं होतं. तेव्हाही माझा विरोध होता. कोण कुठल्या बाजूचा, आपल्याला काय माहीत?

आजोबा (ए-४०१), ९:३४
बाजू विचारून पाणी पाजायचं का? १८५९ मध्ये इटलीतल्या सोल्फेरिनोच्या लढाईनंतर शेजारच्या कास्तिल्योने गावातल्या बायका दोन्ही सैन्यांच्या जखमींची शुश्रूषा करत होत्या, ‘सगळे भाऊच’ म्हणत. ते पाहून आँरी द्यूनां या स्विस व्यापाऱ्याने जे सुरू केलं त्यातून १८६३ साली रेड क्रॉस उभी राहिली. मी चुकलो असेन तर सांगा, पण मी आवाहन मागे घेणार नाही.

ए-३०२, ९:३६
मी तुमचा अनादर केला नाही आजोबा.

आजोबा (ए-४०१), ९:३७
केलात असं म्हटलं का मी?

चेअरमन (बी-५०१), ९:४१
विषयावर या. ज्या दिवशी सामान निघेल त्या दिवशी गेटवर फोटो काढू. मागच्या वेळसारखा बॅनर आहेच.

बी-१०४, ९:५८
फोटोवरून बोलतो. बरेच दिवस मनात आहे. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये माझी नोकरी गेली होती. तेव्हा भाड्याने राहत होतो, दुसऱ्या सोसायटीत. तिथल्या लोकांनी किराणा दिला आणि पिशवी हातात देताना फोटो काढला. तो ग्रुपवर आला, मग मुलीच्या वर्गातल्या पालकांकडे पोचला. किराणा पंधरा दिवसांत संपला. मुलगी मात्र आजही विचारते, तो फोटो अजून कुणाकडे असेल का. मदत केली त्यांचे उपकार मी विसरलो नाही. फक्त फोटो नको.

काकू (बी-३०३), १०:०३
दादा, आम्हाला काहीच माहीत नव्हतं.

ताई (सी-१०४), १०:०६
दादा, सांगितलंत म्हणून आभार. रेड क्रॉस आणि इतर संस्थांनी १९९४ साली मदतकार्याची आचारसंहिता केली. तिचं दहावं कलम हेच सांगतं की प्रसिद्धी करताना आपद्ग्रस्तांना लाचार म्हणून नाही, मान असलेली माणसं म्हणून दाखवा. आणि आजोबा, गरज सोडून दुसरं काही पाहायचं नाही, हेही त्यातच आहे.

चेअरमन (बी-५०१), १०:११
बॅनर रद्द. फोटो कुणीही काढणार नाही. बी-१०४, माफ करा.

खजिनदार (बी-२०१), १३:२०
ट्रेनमधून उतरलो. मागच्या निधीच्या हिशोबाची पानं टाकली आहेत, पावत्यांसकट. उशीर झाला, चूक माझी.

काका (सी-५०२), १३:३१
मिळालं. बेरीज जुळते. ताडपत्रीची पावती पुसट आहे, परत टाका. नवीन निधीत माझं नाव पहिलं लिहा.

ताई (सी-१०४), १६:०५
फोन झाला. कपडे पुरेत म्हणाले. हवंय ते असं: झाकणाच्या बादल्या, क्लोरीनच्या गोळ्या, सॅनिटरी पॅड, नवीन आतले कपडे, टॉर्च. बाकी पैसे. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी आणि २० जणांमागे एक संडास हे जगभर धरलेलं मान आहे. तिथे पाणी निम्म्यावर आहे, त्यामुळे बादल्या आधी. आणि तीन महिन्यांनी पुन्हा फोन करा म्हणाले, तेव्हा सगळे विसरलेले असतात.

सेक्रेटरी (ए-२०१), १६:१२
तीन महिन्यांनंतरची तारीख नोटीस बोर्डवर लावतो. मीटर रूम फक्त बादल्यांसाठी उघडेन.

काकू (बी-३०३), १८:४०
माझी दोन गाठोडी वर नेली. धुऊन, निवडून बघते काय वापरता येईल ते. निळ्या चादरीतलं मोठं कुणाचं आहे? लिफ्टचं दार अजून अडतंय.