मदत हवी आहे: जुने घडीचे चाकू, पातं अडकलंय, आधी काय करू?

गोदाकाठी:
नाशकात गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात दोन जुने चाकू मिळाले. दोन्ही मिळून साडेपाचशेला.

पहिला मिटल्यावर साडेतीन इंच, दोन पात्यांचा, मूठ पांढरट-पिवळी. मोठ्या पात्याच्या बुडाशी चांदणी आणि क्रॉस, शेजारी 'रॉजर्स' आणि 'शेफील्ड' वाचता येतं. मोठं पातं अर्धं उघडतं, छोटं हलतच नाही.

दुसऱ्याची मूठ काळी, चौकड्यांची. एक रुंद पातं, एक डबा फोडायचं आणि पाठीला जाड टोच्या. वरून तांबडा गंज.

पकडीने पातं ओढू का? तांब्या-पितळेसारखं चिंचेच्या कोळात टाकून ठेवू का? आणि पहिल्याची मूठ हाडाची की हस्तिदंताची?

निसणा:
पकड नको. जुनं कार्बन पोलाद ठिसूळ असतं, पातं नखाच्या खाचेपाशी मोडतं. पातं वाचलं तरी पाठीची पट्टी-स्प्रिंग तडकते, आणि ती बदलायची म्हणजे मुठीच्या खिळी काढून अख्खा चाकू सुटा करायचा.

मुठीला कागदी चिकटपट्टी गुंडाळा, कारण तेल हाडात मुरलं की डाग जात नाही. बारीक सुईच्या सिरिंजने फक्त सांध्यात ३-४ थेंब रॉकेल किंवा गंज सोडवणारं तेल सोडा. चाकू सांधा खाली करून रात्रभर उभा ठेवा. सकाळी नखाने किंवा लाकडी पट्टीच्या कडेने पातं दोन मिलिमीटर उचला, परत मिटवा, पुन्हा थेंब. सरळ वर उचला, आडवा पीळ देऊ नका. आधी तपकिरी चिखल बाहेर येईल, तो पुसत राहा. तेल स्वच्छ येऊ लागलं की सांधा सुटला समजा. याला तीन-चार दिवस सहज लागतात.

घाई करणारे पहिल्याच संध्याकाळी चाकू मोडतात.

पितळखोरी:
मूठ ओळखायला सुई तापवून टोचून बघा. हाड असेल तर जळक्या केसांचा वास येतो.

निसणा:
@पितळखोरी, कृपया हे कुणी करू नका. पांढरट मूठ सेल्युलॉइडचीही असू शकते, आणि सेल्युलॉइड म्हणजे सेल्युलोज नायट्रेट, भसकन पेटतं. त्यापेक्षा भिंग घ्या. हाडात बारीक काळे ठिपके आणि तुटक रेघा दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानी असतात. सेल्युलॉइडमध्ये नक्कल केलेल्या रेघा फार सरळ आणि समांतर. अंगठ्याने जोरात घासून वास घ्या, कापराचा आला तर सेल्युलॉइडच. हस्तिदंत निघाला तर विकायच्या फंदात पडू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो व्यापार बंद आहे.

लोहारगल्ली:
चिंच, लिंबू, व्हिनेगर काही नको. आम्ल गंजाबरोबर चांगलं पोलादही खातं, ठसा पुसट करतं आणि सांध्यात शिरलं की धुऊनही निघत नाही. महिन्याभरात आतून पुन्हा गंज.

गंज दोन प्रकारचा असतो. तांबडा, बोटाला लागणारा तो जिवंत, तो काढायचाच. करडा-काळा थर म्हणजे पोलादाचा जुना रंग, तो राहू द्या. घासून चकचकीत केलेला जुना चाकू घेणारे नाकारतात आणि बरोबर करतात.

तांब्याच्या पट्टीची कड काटकोनात कापून घ्या (तांबट आळीत तुकडा मिळेल). पात्यावर शिलाई मशीनचं तेल लावा आणि कडेने गंज खरवडा. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा पडत नाही. मग अतिबारीक, चार शून्याची स्टील वूल, तेलासकट, पात्याच्या लांबीच्या दिशेने. ठशावर फक्त कापूस. पॉलिश पेपर वापरलाच तर २००० नंबरचा, आणि ठशापासून दूर.

दुसरा चाकू ब्रिटिश लष्करी घाटाचा वाटतो. बुडाशी बाणाची खूण आणि साल बघा. देवळाली कॅम्प इतक्या जवळ असताना असा माल इथे सापडला तर नवल नाही. टोच्याला लोक घोड्याच्या खुरातला खडा काढायचा म्हणतात, पण तो दोराच्या गाठी सोडवायचा आहे.

गोदाकाठी:
चौथा दिवस. भिंगात काळे ठिपके दिसले, म्हणजे हाड. छोटं पातं सुटलं, 'खट्' आवाजाने बसतं. मोठं मात्र मिटल्यावर टोक किंचित वर राहतं. पात्यावर काळे खड्डेही आहेत. आता धारवाल्याच्या चाकावर नेऊ का?

लोहारगल्ली:
टोक वर राहतं कारण धार लावून लावून पातं झिजलंय, पण बुडाचा टेकू (मिटल्यावर स्प्रिंगवर टेकणारा उंचवटा) तेवढाच राहिलाय. टेकू कानसीने घासला तर टोक आत जातं खरं, पण धार स्प्रिंगवर आपटू शकते. म्हणून एका वेळी कानशीचे दोनच हात मारा, मिटवून बघा. खड्डे राहू द्या, ते काढायचे तर अर्धं पातं जाईल.

चाकावर नको. कोरड्या चाकावर धारेशी निळी झाक आली की तिथलं पाणी उतरलं, म्हणजे ३०० अंशांच्या आसपास तापलं. मग धार टिकत नाही. घरीच दुहेरी निसणा (धार लावायचा दगड) घ्या, बारीक बाजू वापरा, साधारण २० अंशांचा कोन, दोन्ही बाजू सारख्याच वेळा.

निसणा:
शेवटी तेल. शेंगदाण्याचं चिकट होतं, खोबरेल नाशकातल्या थंडीत सांध्यातच गोठतं. औषधांच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन घ्या, सांध्यात एक थेंब, पात्यावर पुसट. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून पुसा. पुढे कधी सेल्युलॉइडच्या मुठीचा चाकू आणलात तर तो वेगळ्या डब्यात, त्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शेजारचे चाकूही गंजतात.