मिनी दालमिलचा अनुभव

‘शास्त्रज्ञ आणि उद्योजक एकत्र येत नाहीत, म्हणून विदर्भातले संशोधन प्रयोगशाळेतच राहते,’ असे एक मत मांडले जाते; मला ते अर्धेच पटते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी दालमिल खासगी कारखानदारांनी बनवली आणि ती खेड्यांतील बचत गटांपर्यंत पोहोचलीही. अडचण त्यानंतरची आहे. तुरीला तेल-पाणी लावून कडक उन्हात वाळवावे लागत असल्याने आमच्याकडे ही मिल मुख्यतः उन्हाळ्यातच चालते. कर्जाचा हप्ता मात्र बारमाही असतो. त्यातच डाळीची साल घासून काढणाऱ्या रोलरवरचा एमरीचा (खरखरीत, कठीण खनिजाचा) थर झिजला, तर तो पुन्हा चढवणारा कारागीर तालुक्यालाही मिळत नाही आणि ऐन हंगाम हातचा जातो. विद्यापीठ आणि उत्पादक यांच्यातील करारातच स्थानिक कारागिरांच्या प्रशिक्षणाची अट असायला हवी.