स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी भूक नसतानाचे खाणे पुन्हा सुरू झाले आहे. पुढे काय करावे?

अबोली_नाशिक (प्रश्न)

नमस्कार. माझे वय ४६ वर्षे असून मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. २०१८ मध्ये माझी स्लीव्ह पद्धतीची, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची, वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी वजन ११८ किलो होते, मधुमेह होता आणि गुडघ्यांमुळे जिना चढणे अवघड झाले होते. पहिल्या दीड वर्षात वजन ७६ किलोंपर्यंत उतरले, मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या आणि पुढे बराच काळ सगळे स्थिर राहिले. त्यानंतर मात्र वजन हळूहळू वाढत जाऊन आता ८९ वर आले आहे.

माझे जेवण वाढलेले नाही, हे मी खात्रीने सांगू शकते. एक भाकरी, वाटीभर भाजी आणि थोडे वरण यांच्या पलीकडे मी आजही जात नाही; तेवढ्यानेच छातीखाली दाटून येते आणि पुढचा घास उतरत नाही. वाढले आहे ते जेवणाबाहेरचे खाणे. शाळेतून आल्यावर स्वयंपाक, सासूबाईंचे औषधपाणी आणि वह्या तपासणे उरकून घरातले सगळे झोपले, की मी ओट्यापाशी उभी राहून शेवेच्या डब्यात हात घालते. मूठभर शेव, मग चहात बुडवून दोन बिस्किटे, मग पुन्हा मूठभर शेव, असे तासभर चालते. एका वेळी थोडेच पोटात जात असल्यामुळे त्रास होत नाही. भूक तर नसतेच. दिवसभरात कोणाशी बोलाचाली झाली असेल किंवा बाहेरगावी शिकणाऱ्या मुलाचा फोन आला नसेल, तर त्या रात्री हे हमखास घडते.

याशिवाय सकाळी पोहे आणि गोड चहा घेऊन शाळेत गेल्यावर दोनेक तासांनी हातापायांना कंप सुटतो, दरदरून घाम येतो आणि काहीतरी गोड खाल्ल्याशिवाय जिवाला चैन पडत नाही. हाही मनाचाच खेळ असावा, असे मी धरून चालले आहे.

इतक्या वर्षांनी असे होणे कितपत नेहमीचे आहे? पोटाची पिशवी ताणली गेल्यामुळे हे होते, की याचे मूळ मनात आहे? आणि दाखवायचे कोणाला? "एवढे पैसे खर्चून शेवटी पहिले पाढे पंचावन्न" हे घरात ऐकावे लागत असल्यामुळे शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडे जाण्याचाही संकोच वाटतो.

पाऊलवाट

ताई, माझी वजन कमी करण्याची जठराची बायपास शस्त्रक्रिया (जठराची लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात) २०११ मध्ये झाली, त्यामुळे तुम्ही लिहिलेल्या बहुतेक टप्प्यांतून मी गेलो आहे.

आधी वजनाबद्दल. या शस्त्रक्रियांचा दीर्घकाळ पाठपुरावा करणारा एक मोठा अभ्यास स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झाला. त्यात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले होते आणि दहा वर्षांनी ती घट २५ टक्के उरली होती. म्हणजे तळ गाठल्यानंतर काही वजन परत येणे हा या उपचाराचा नेहमीचाच क्रम आहे. आता तुमचा हिशेब करा. ११८ वरून ८९ म्हणजे आजही जवळजवळ २५ टक्के घट टिकून आहे. त्या अभ्यासात स्लीव्ह पद्धतीचा समावेश नव्हता, म्हणून तुलना तंतोतंत लागू होत नाही. पण पहिले पाढे पंचावन्न म्हणणाऱ्यांना हा आकडा जरूर दाखवावा. याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांमधील मृत्यूचे प्रमाण न झालेल्यांपेक्षा कमी आढळले होते, आणि तेही काही वजन परत आलेले असताना.

तुम्ही मनाचा खेळ समजून सोडून दिलेली सकाळची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिचे मूळ बहुधा शरीरात आहे. शस्त्रक्रियेनंतर पोहे, साखर, साबुदाणा असे पदार्थ जठरात फारसे न रेंगाळता वेगाने लहान आतड्यात उतरतात. रक्तातील साखर झटकन चढते, तिला आवरण्यासाठी इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त स्रवते आणि खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांनी साखर एकदम खाली येते. कंप, घाम, धडधड आणि गोडाची अनिवार ओढ ही त्याचीच लक्षणे आहेत. डॉक्टर याला उशिराचे डंपिंग म्हणतात. बायपासनंतर ते अधिक दिसते, तरी स्लीव्हनंतरही होते. त्या वेळी गोड खाल्ले की तेवढ्यापुरते बरे वाटते, पण तेच चक्र पुन्हा सुरू होते आणि माणूस उगीच स्वतःच्या जिभेला दोष देत बसतो. मधुमेहामुळे तुमच्याकडे ग्लुकोमीटर असेलच. तो शाळेत घेऊन जा, कंप सुटताच साखर मोजा आणि आकडा, वेळ व आधी काय खाल्ले ते लिहून ठेवा. आकडा ७० च्या खाली असेल तर डॉक्टरांना लगेच कळवा. कंप सुटलेला असताना गाडी मात्र चालवू नका.

माझ्या बाबतीत पोह्यांच्या जागी मुगाचे धिरडे व पनीर किंवा दोन अंडी आणि बिनसाखरेचा चहा, एवढ्या बदलाने हा त्रास जवळजवळ थांबला. चहा खाण्याबरोबर न घेता अर्ध्या तासाने घेतो.

निरंजनी

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे आणि अशा शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तींबरोबर काम करते. सकाळच्या त्रासाबद्दल वर लिहिले आहे ते योग्यच आहे, म्हणून मी फक्त रात्रीबद्दल लिहिते.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढला जातो. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर तयार करणारा वरचा फुगीर भागही त्यात जातो, म्हणून सुरुवातीच्या काळात भूक जवळजवळ नाहीशी होते आणि अन्नाशी असलेले आपले जुने नाते संपले असे वाटू लागते. ते संपलेले नसते. ज्या व्यक्तीने लहानपणापासून राग, एकटेपणा किंवा थकवा खाऊन शमवला आहे, तिच्याकडून शस्त्रक्रियेने ते साधन काही काळासाठी काढून घेतलेले असते. त्या भावनांचे पुढे काय करायचे, हे मात्र कोणी शिकवलेले नसते. पहिल्या वर्षात वजन झरझर उतरत असते, भेटणारा प्रत्येक जण कौतुक करतो आणि त्या उत्साहात ही उणीव जाणवत नाही. कौतुक ओसरते, आयुष्यातल्या जबाबदाऱ्या तशाच राहतात, आणि मग जुनी सवय नवे रूप घेऊन परत येते. आता ताटभर खाता येत नाही, म्हणून थोडे थोडे, येता-जाता, तास न् तास खाल्ले जाते. शस्त्रक्रियेनंतर वजन परत येण्यामागे हे सतत चरत राहणे वारंवार आढळते. प्रमाण लहान असले, तरी "मला थांबता येत नव्हते" असे वाटत असेल, तर ते मोठ्या प्रमाणातील खाण्याइतकेच गांभीर्याने घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

तुमच्या वर्णनात मला एक गोष्ट स्पष्ट दिसली. तो रात्रीचा तास दिवसभरात तुमच्या वाट्याला येणारा एकमेव मोकळा तास आहे. तो तास तसाच रिकामा ठेवून केवळ शेवेचा डबा उचलून ठेवल्याने चार-पाच दिवसांपलीकडे काही टिकणार नाही. म्हणून दोन आठवडे काहीही बदलू नका, फक्त नोंद करा. वेळ, काय खाल्ले, भूक शून्य ते दहापैकी किती होती, आणि त्याआधीच्या तासाभरात काय घडले किंवा काय घडायला हवे होते पण घडले नाही. मुलाचा फोन न येणे ही नोंद तुम्ही प्रश्नातच केली आहे. अशा वेळी खरी गरज त्याच्याशी बोलण्याची असते, तेव्हा वाट न पाहता आपणच फोन करावा, हे इतके साधे उत्तर नोंद लिहिल्यावरच अनेकांना सुचते. काही रात्री गरज केवळ झोपेची असते. काही रात्री रागाची असते आणि तो राग ज्या व्यक्तीवर आहे तिच्याशी दुसऱ्या दिवशी बोलणे भाग असते.

यानंतरचा टप्पा म्हणजे ओट्यापाशी उभे राहून खाणे बंद करणे. शेव खायचीच असेल तर वाटीत काढून, बसून, दिवा लावून खावी. स्वतःला मनाई करू नये, कारण मनाईने खा-खा अधिक सुटते. याच्या जोडीने विचार आणि वर्तन या दोहोंवर काम करणारी संज्ञानात्मक वर्तन उपचारपद्धती उपयोगी पडते. ती प्रशिक्षित व्यक्तीकडूनच घ्यावी.

दोन इशारे देणे आवश्यक आहे. खाण्यावाटे जाणारा ताण काही जणांत मद्याकडे वळतो. बायपासनंतर मद्य वेगाने चढते आणि व्यसनाचा धोका विशेषतः दुसऱ्या वर्षापासून वाढल्याचे अभ्यासांत दिसले आहे. हे मी इतर वाचकांसाठीही लिहीत आहे. दुसरे असे, की मन सतत खिन्न राहत असेल, कशातच रस वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर स्वतंत्र उपचार लागतात. जगणे नकोसे वाटू लागले, तर टेलि-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीतून बोलता येते. मानसोपचारतज्ज्ञांना शस्त्रक्रियेची माहिती अवश्य द्यावी, कारण काही औषधांनी वजन वाढते आणि बायपासनंतर काहींचे शोषण बदलते.

आहारविहार

मी आहारतज्ज्ञ आहे. पिशवी ताणली गेली का, हे घरी बसून ठरवता येणार नाही. त्यासाठी दुर्बिणीची किंवा बेरियमची तपासणी असते आणि तिची गरज आहे की नाही हे शल्यविशारदच सांगतील. मात्र एका भाकरीत तुमचे पोट दाटते, त्यावरून शस्त्रक्रियेने खाण्याच्या प्रमाणावर आलेली अडवणूक अजून बरीच शिल्लक असावी. शेव, चहात भिजलेले बिस्किट, श्रीखंड, आइस्क्रीम हे पदार्थ या अडवणुकीला जुमानत नाहीत, कारण ते तोंडातच विरघळतात आणि चहाबरोबर सरळ खाली उतरतात.

तुमच्या जेवणात मला प्रथिने फार कमी दिसतात. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत आणि थोडे वरण त्याला पुरत नाही. जेवायला बसल्यावर आधी उसळ, पनीर, अंडे किंवा मासा आणि मग भाकरी, हा क्रम ठेवा. संध्याकाळी शाळेतून आल्याबरोबर ताक आणि मोड आलेल्या मुगासारखे काही खाल्ले, तर रात्रीपर्यंतची खरी उपासमार टळेल. रात्रीच्या खाण्यात भावनांइतकाच वाटा दिवसभराच्या अपुऱ्या खाण्याचा असतो, हे मी वारंवार पाहते.

बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि थायरॉइड यांच्या तपासण्या अलीकडे झाल्या नसतील तर करून घ्या. स्लीव्हनंतर पूरक औषधे जन्मभर घ्यावी लागतात. तुमच्या वयात पाळी जाण्याच्या सुमाराचे बदलही वजनावर आणि झोपेवर परिणाम करतात. सेमाग्लुटाइड आणि टिरझेपटाइड ही इंजेक्शने वजन परत आलेल्या रुग्णांमध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरली जातात. त्यांनी भूक आणि खाण्याचे सततचे विचार कमी होतात, मात्र वर सांगितलेल्या नोंदीचे आणि समुपदेशनाचे काम ती करत नाहीत. औषध थांबवल्यावर वजन परत येण्याची शक्यताही असते.

गोदाकाठ

माझ्या पत्नीची हीच शस्त्रक्रिया झालेली आहे, म्हणून घरच्यांच्या बाजूने लिहितो. आमच्या समुपदेशकांनी मला स्पष्ट सांगितले होते, की तिच्या ताटाकडे पाहायचे नाही, खर्चाचा उल्लेख करायचा नाही आणि पाहुण्यांच्या आग्रहाला उत्तर तिने एकटीने द्यायचे नाही. त्याचबरोबर रात्रीची आवराआवर मी माझ्याकडे घेतली. खाण्याबद्दल एक शब्दही न बोलता यानेच सर्वांत जास्त फरक पडला. ताई, सासूबाईंचे रात्रीचे औषधपाणी घरातील दुसऱ्या कोणी करणे शक्य असेल, तर ते आजच मागा. आणि डॉक्टरांकडे जाताना यजमानांना बरोबर न्या, म्हणजे वजन परत येणे हा उपचाराचाच भाग आहे, हे ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकतील.

अबोली_नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. काल शाळेत कंप सुटला तेव्हा साखर मोजली, ती ५८ होती. आज डॉक्टरांना फोन करून तो आकडा सांगितला. त्यांनी यजमानांसह पुढील आठवड्यात बोलावले आहे आणि त्याच रुग्णालयात समुपदेशनाचीही सोय असल्याचे कळले. इतके दिवस मी या त्रासाबद्दल कोणाशी बोललेच नव्हते. यजमानांनी वरील आकडेमोड वाचली आणि सासूबाईंची रात्रीची औषधे आता तेच देतील. एकच विचारायचे राहिले. श्रावणी सोमवारचे उपवास मी वर्षानुवर्षे करते. दिवसभर चहावर राहून संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी खाते. ते चालू ठेवता येतील का?

आहारविहार

५८ हा आकडा पाहता त्या पद्धतीने मुळीच नको. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्टमय आहे आणि दिवसभराच्या उपाशी पोटी तो खाल्ल्यास साखर आधी चढून मग जोरात खाली येईल. उपवास करायचाच असेल, तर तो डॉक्टरांना विचारून, दर तीन तासांनी दूध, दही, पनीर किंवा मूठभर शेंगदाणे घेऊन करावा आणि भगर घेतलीच तर चार चमच्यांपुरती, ती दह्याबरोबर घ्यावी. भेटीच्या वेळी ग्लुकोमीटरची वही बरोबर ठेवा.