प्रति: आठ महिने कोरडा तो ओढा कसला?

‘आठ महिने कोरडा, म्हणजे नालाच, स्लॅब टाकून रस्ता करा’ हे एका ओढ्याबद्दल कुणीतरी लिहिलेलं वाचलं. पटलं नाही. पुण्यातला आंबील ओढाही एरवी सांडपाणीच वाहतो, पण २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पूर आला तेव्हा त्याने आपली वाट बरोबर शोधली.

असा कोरडा पडणारा ओढा किंवा डबकं म्हणजे पाण्याची वाट एवढंच मात्र नाही, त्यात जीवही असतात. मागे एप्रिलमध्ये टेकडीवरच्या खडकातल्या सुकलेल्या डबक्यातली मूठभर माती आणून पावसाच्या साठवलेल्या पाण्यात घातली. (घरी शिव्या बसल्या, पातेलं चांगलं होतं.) आठवड्याभरात त्यात पारदर्शक फेअरी श्रिम्प (कोळंबीसारखे इवले जलचर), पोट वर करून पोहणारे! त्यांची अंडी मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. बारमाही पाण्यात मासे त्यांना फस्त करतात, म्हणून त्यांना पाणी आटण्याचा काळ लागतोच. ओढ्या-डबक्यांचे सुशोभीकरणवाले नेमका असाच गाळ जेसीबीने उपसतात.