मदत हवी आहे: आयसीयूच्या कागदावर 'व्हीटी' लिहिलंय, म्हणजे काय?

गोदाकाठ
बाबा चार दिवसांपासून आयसीयूत आहेत. आजच्या कागदावर व्हीटी लिहिलंय. कालच्याही होतं. म्हणजे नक्की काय? नेटवर वाचून हातपाय गळालेत. प्लीज लवकर सांगा.

तात्या_के
व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया. हृदयाचे खालचे कप्पे बेफाम धावतात. माझ्या थोरल्या भावाला झालं होतं, शॉक द्यावा लागला. ताई, वेळ घालवू नका. हृदयरोगाचं हॉस्पिटल बघा आणि आजच हलवा. आम्ही हलवलं म्हणून भाऊ आज आहे.

रानवाट
तात्या, जरा थांबा हो. पेशंट कशासाठी दाखल आहे तेच अजून कळलेलं नाही. गोदाकाठ, आजार काय? वय? कागद कुठला, औषधांचा की रोजच्या नोंदींचा? व्हेंटिलेटर लावलाय का?

गोदाकाठ
न्युमोनिया. ६८ वर्षं. व्हेंटिलेटर अर्थातच आहे, आयसीयू म्हटलं ना मी.

रानवाट
आयसीयूत सगळेच व्हेंटिलेटरवर नसतात, म्हणून विचारलं. तर मग व्हीटी म्हणजे टायडल व्हॉल्यूम, मशीन एका श्वासाला किती मिलीलिटर हवा देतं ते. पुढे आकडा असेल बघा.

गोदाकाठ
मशीनच्या फोटोत ४२० आहे. पण बाबांचं वजन ८५ किलो, त्यांना ४२० कमी नाही का पडत? आणि कागदावरच्या व्हीटीपुढे आकडा नाहीये.

तात्या_के
आकडा नाही म्हणजे मी म्हणतो तेच. उगाच धीर देत बसू नका त्यांना.

पाऊसवेडी
डॉक्टर समोर असताना इथे कशाला विचारायचं? राउंडच्या वेळी तिथेच थांबा. आणि महात्मा फुले योजनेचं बघितलं का? हॉस्पिटल योजनेत असेल तर तिथे आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड घेऊन आधी त्यांना गाठा.

गोदाकाठ
मी डब्लिनला आहे. भाऊ नाशिकला, त्याला दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं आत सोडतात. तो घाईघाईत फोटो काढून पाठवतो, तेवढंच माझ्याकडे आहे. पैशांचं मी विचारलेलं नाही. कागदावरची ओळ अशी आहे: 'ई३ व्हीटी एम५'. बाजूला 'नॉरअ‍ॅड ६ मिली', काल ४ होतं. आणि बाबांचे हात बांधलेत. ते पाहून भाऊ बाहेर येऊन रडला.

सिस्टर_अक्का
अगं, ही ओळ पहिल्यांदाच द्यायचीस ना! १९ वर्षं आयसीयूत ड्युटी केली आहे, ऐक. हा जीसीएस आहे, पेशंट किती शुद्धीवर आहे त्याचं माप. ई म्हणजे डोळे, ४ पैकी. व्ही म्हणजे बोलणं, ५ पैकी. एम म्हणजे हालचाल, ६ पैकी. बाबांच्या घशात नळी आहे, ती स्वरयंत्रातून जाते, त्यामुळे बोलताच येत नाही. म्हणून तिथे गुण न देता टी लिहितात, टी म्हणजे ट्यूब. हृदयाचा इथे काही संबंध नाही. ई३ म्हणजे हाक मारली की डोळे उघडतात. एम५ म्हणजे दुखवलं तर हात बरोबर तिथे नेतात. झोपेचं औषध चालू असणार, त्यानेही गुण कमी दिसतात.

हात बांधतात कारण अर्धवट शुद्धीत पेशंट नळी उपसतो. भावाला सांग, आत गेल्यावर सिस्टरना विचारून हात हातात घे आणि नाव सांगून बोल. ऐकू येत असतं.

४२० चं म्हणशील तर फुप्फुसं उंचीप्रमाणे असतात, वजन वाढलं म्हणून वाढत नाहीत. उंची किती?

गोदाकाठ
पाच फूट आठ.

सिस्टर_अक्का
मग हिशेब बरोबर आहे. त्या उंचीला वजन धरतात साधारण ६८ किलो, आणि आजारी फुप्फुसाला किलोमागे ६ मिलीच्या आसपास. जास्त हवा कोंबली तर फुप्फुसाला इजा होते. नॉरअ‍ॅड रक्तदाब टिकवायला असतं. पण मिलीवरून काही ठरवू नकोस, पंपात औषध किती दाट भरलंय त्यावर सगळं असतं. सिरिंज बदलली की आकडाही बदलू शकतो. भावाला विचारायला सांग: डोस वाढला का, लघवी किती होते, ऑक्सिजन किती टक्के लागतोय.

तात्या_के
पण भावाच्या फाइलवरही व्हीटीच होतं, ते काही खोटं नव्हतं.

सिस्टर_अक्का
नव्हतंच, तात्या. त्यांच्या फाइलवर ते ईसीजीखाली लिहिलेलं असणार. अक्षरं तीच, जागा वेगळी. म्हणूनच पूर्ण ओळ लागते.

पश्चिमवारा
१९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली तेव्हा वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस हाताने रबरी पिशवी दाबत पेशंटना श्वास देत होते. आयसीयूची सुरुवात तिथून झाली असं मानतात.

पाऊसवेडी
माहिती चांगली आहे, पण त्यांना आत्ता ती नकोय. गोदाकाठ, तुम्ही लांब आहात हे माहीत नव्हतं, माफ करा.

गोदाकाठ
अक्का, भावाने संध्याकाळी विचारलं. डोस तोच आहे, फक्त सिरिंज नवीन लावली. ऑक्सिजन ६० वरून ५० टक्क्यांवर आणलाय. तो मोठ्याने "बाबा, मी आलोय" म्हणाला तर त्यांनी डोळे उघडले. बोट दाब म्हटल्यावर दाबलं असं त्याला वाटलं, त्याची खात्री नाही.

सिस्टर_अक्का
उद्याच्या कागदावर एमपुढे ६ आहे का ते बघ, ६ म्हणजे सांगितलेलं ऐकून तसं करतात.

निळी_छत्री
इथेच विचारते. सासूबाईंना काल रात्रीपासून बायपॅप लावलाय. तो व्हेंटिलेटरच का?

रानवाट
तोंडावर मास्क आहे की घशात नळी? आणि कशासाठी दाखल केलंय?