जुन्या बाजारात ओरिजिनल व्हिडिओ गेम मिळतात का? (लिटल मास्टर, सेगा, पीएस2 वगैरे)

सिंहगडरोडवाला:

नमस्कार मंडळी. नव्वदीतलं बालपण, वाड्यात एकाच घरात लिटल मास्टर (टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन) होता आणि मे महिन्यात आम्ही सगळी पोरं तिथेच पडीक असायचो, काँट्रा, मारिओ, टँक. आता त्या काळातली मशीनं आणि कॅसेटी जमवायला सुरुवात करायची म्हणतोय, कपाटात मांडून ठेवायला नाही, मुलीबरोबर बसून खेळायला. ऑनलाइन बाहेरून मागवायचं तर कुरिअर आणि कस्टम धरून भाव परवडत नाहीत म्हणून इथेच हिंडून शोधायचं ठरवलंय. रविवारी जुन्या बाजारात गेलो होतो, तिथे एकाकडे निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या मशीनची, म्हणजे गेम बॉय अ‍ॅडव्हान्सची पोकेमॉन एमराल्डची कॅसेट होती, पंधराशे म्हणाला आणि एक पैसा कमी करेना. मी अजून घेतलेली नाही. ओरिजिनल आहे की डुप्लिकेट हे उभ्याउभ्या कसं ओळखायचं? आणि पुण्यात अजून कुठे कुठे बघू?

कॅसेट_फुंकर:

दादा, आधी एमराल्डचं सांगतो कारण ती कॅसेट पुढच्या रविवारपर्यंत तिथेच असेल, घाई करू नका. ओरिजिनल एमराल्डचं प्लास्टिक हिरवं आणि आरपार दिसणारं असतं, त्यामुळे उजेडात धरली की आतला बोर्ड दिसतो आणि बोर्डावर नाण्यासारखा गोल सेल दिसायला पाहिजे, सीआर1616. सेल नसला तर खाली ठेवा. मग पुढचं स्टिकर तिरकं धरून बघा, त्यावर एका बाजूला दोन आकडे दाबून उमटवलेले असतात, शाईने छापलेले नाही, नुसता ठसा, बोटाला लागतो. नंतर खालच्या सोनेरी पट्ट्यांच्या वर, कॅसेटच्या तोंडातून बघितलं की बोर्डावर निन्टेन्डो असं बारीक छापलेलं दिसतं. डुप्लिकेटवाले स्टिकर हुबेहूब करतात पण या गोष्टी एकाच वेळी सगळ्या जमवत नाहीत. तिन्ही जुळल्या तर घासाघीस करून घ्या, एक जरी चुकली तरी शंभर-दोनशेच्या वर देऊ नका.

आणि चालू केल्यावर सेल संपल्याचा मेसेज आला तर घाबरू नका, पोकेमॉनच्या रुबी, सफायर, एमराल्ड या तिघांत तो सेल फक्त घड्याळासाठी असतो, गेम सेव्ह होतच राहतो. त्याआधीच्या पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरचं मात्र तसं नाही, त्यात सेल गेला की सेव्ह पण गेला, तिथे सीआर2025 लागतो आणि तो सोल्डर करूनच बदलावा लागतो. तापकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत) पाय असलेला सेल मिळतो, पण साधा सेल चिकटपट्टीने चिकटवायच्या भानगडीत पडू नका, दोन महिन्यांत सुटतो.

रविवारपेठी:

जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो हे माहिती असेलच. रविवारी गर्दी जास्त आणि भावही चढे, मला विचाराल तर बुधवारी सकाळी लवकर जा. माल पोत्यातून जमिनीवर ओतत असतात तेव्हाच बघायचं, नऊ-दहा नंतर चांगलं काही उरत नाही, आपल्यासारखे अजून आहेत. आणि "रेट्रो" वगैरे शब्द तोंडातून काढू नका, तो ऐकला की भाव तिप्पट. आधी बाजूचा रिमोट नाहीतर चार्जर उचलून त्याची किंमत विचारायची आणि मग सहज, ही कॅसेट पण धरून कितीला देता. बोहनीच्या वेळेला माणूस सहसा गिऱ्हाईक परत पाठवत नाही.

एक मात्र कळकळीने सांगतो, बाजारात तुम्हाला मिळणार ते नव्वद टक्के क्लोन (निन्टेन्डोची नक्कल केलेली लिटल मास्टरसारखी मशीनं) आणि पीएस2 (सोनीचं प्लेस्टेशन 2). परदेशातल्या व्हिडिओत दाखवतात तसं डब्यासकट निन्टेन्डो सापडेल या आशेवर जाऊ नका. खरा माल घरांतून निघतो. दिवाळीच्या आधी साफसफाई सुरू झाली की रद्दीवाल्याशी दोस्ती ठेवा, त्याला आपला नंबर देऊन ठेवा आणि एकदा काही आणून दिलं की दोन पैसे जास्त द्या, पुढच्या वेळी तो फोन करतो. हिंजवडी, बाणेर, विमाननगर इकडे मे-जूनमध्ये भाड्याचे फ्लॅट रिकामे होतात, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "शिफ्टिंग सेल" म्हणून फोटो पडतात, त्यात टीव्हीखालच्या कप्प्यात काय आहे ते झूम करून बघायचं. मला एकदा असंच डायनिंग टेबलाच्या फोटोत मागे पीएस2चा खोका दिसला, विचारलं तर म्हणाले तो तर फुकटच घेऊन जा.

आठबिटी_बाणेर:

वरच्या दोघांचं बरोबर आहे पण "क्लोन" म्हणून हिणवू नका राव, यावर मला बोलायचंच होतं. आपण जे खेळलो ते लिटल मास्टर, मीडिया, टर्मिनेटर हेच होतं, निन्टेन्डोचा खरा फॅमिकॉम (1983चा) आपल्यापैकी किती जणांनी तेव्हा पाहिला होता? भारतातला व्हिडिओ गेमचा इतिहास म्हणजे हीच मशीनं आणि त्यांची कुणीच नीट नोंद ठेवलेली नाही. अमेरिकेत विकल्या गेलेल्या गेमच्या याद्या लोकांनी कधीच पूर्ण केल्यात, आपल्याकडे कुठल्या मशीनबरोबर कुठली कॅसेट यायची, डब्यावर कोणतं चित्र होतं, किती रुपयांना होतं, हे सगळं भंगारात चाललंय. त्यामुळे डबा दिसला, माहितीपत्रक दिसलं, अगदी दुकानाच्या पावतीचा तुकडा दिसला तरी घ्या. मशीन बंद असलं तरी घ्या.

कॅसेट उघडून बघायची सवय लावा. एका स्क्रूवर असते, चारशे रुपयांची असेल तर विकणारा उघडू देतो. आत छोट्याशा बोर्डावर डांबराचा थेंब पडल्यासारखा काळा गोळा असेल तर ती नंतरची स्वस्तातली, "9999999 इन 1" वाली, त्यात खरे गेम थोडेच, बाकी तेच गेम वेगळ्या लेव्हलपासून सुरू होतात. आणि मोठा बोर्ड, त्यावर पायवाल्या सुट्या चिप असतील तर ती जुनी, ती सोडू नका. फॅमिकॉम जातीच्या कॅसेटला 60 पिना असतात, अमेरिका-युरोपात त्याच मशीनचा जो एनईएस निघाला त्याच्या कॅसेटला 72, त्यामुळे एकीची दुसरीत बसत नाही, मधला अ‍ॅडॅप्टर लागतो.

आणि पीएस2 घेताना फिफाच्या ढिगाऱ्यात आपले गेम शोधा. हनुमान बॉय वॉरियर (2009), देसी अड्डा, सिंगस्टार बॉलीवूड, आणि डॉन 2 जो 2013 मध्ये आला, पीएस2 जवळजवळ संपलेला असताना. हे इथल्यासाठीच काढलेले गेम. हनुमान खेळायला कंटाळवाणा आहे हे मी मान्य करतो, तरी मी डबा, पुस्तिका सगळं असलेली प्रत शोधतोय, कुणाला दिसली तर कळवा.

कॅसेट_फुंकर:

@आठबिटी_बाणेर क्लोनबद्दल पटलं. फक्त बोर्ड गोळ्याचा की चिपचा हे बघून पैसे द्या एवढंच माझं म्हणणं.

पीएस2ची डिस्क मात्र नीट तपासा, इथे राईट केलेल्या डिस्कचा सुळसुळाट आहे. उलटी करून उजेडात धरा, जांभळट-हिरवट झाक दिसली की घरी बनवलेली. ओरिजिनल डीव्हीडी चंदेरी, पीएस2ची सीडी निळी, आणि पहिल्या प्लेस्टेशनची काळी. ओरखडे मधून कडेकडे सरळ गेलेले असतील तर बहुतेक चालते, गोल फिरलेले असतील तर धोका. आणि सीडी असेल तर वरची चित्राची बाजू पण बघा, सीडीत डेटा त्या बाजूलाच अगदी वर असतो, तिथे खरवडलेलं पॉलिशवाला पण दुरुस्त करू शकत नाही.

मृणाल_सदाशिव:

हा धागा वाचून माळ्यावर चढले. भावाचं सेगाचं मशीन आहे, तो आता कॅनडात असतो, त्याला विचारलं तर म्हणाला देऊन टाक. काळं आहे, मेगा ड्राइव्ह लिहिलंय, दोन रिमोट आणि सोनिक 2ची कॅसेट, खोक्यावर शॉ वॉलेस असं नाव आहे. अ‍ॅडॅप्टर हरवलाय. घरातल्या राऊटरचा अ‍ॅडॅप्टर बसतोय असं वाटतं, तो लावून बघू का? चालू असेल तर कुणाला तरी खेळणाऱ्याला द्यायला आवडेल, रद्दीत नको.

कॅसेट_फुंकर:

ताई थांबा, राऊटरचा अजिबात लावू नका! तो बहुतेक 12 व्होल्टचा असतो आणि मेगा ड्राइव्हची दोन मॉडेलं आहेत, दोघांचं उलटसुलट आहे. पहिलं मॉडेल मोठं, वर गोल भाग आणि "16 बिट" लिहिलेलं, पुढे हेडफोनसाठी आवाजाची सरकपट्टी, त्याला 9 व्होल्ट आणि मधली पिन निगेटिव्ह. दुसरं मॉडेल छोटं, हेडफोनचं भोक नाही, त्याला 10 व्होल्ट आणि मधली पिन पॉझिटिव्ह. तळाशी स्टिकरवर चिन्ह आहे, एक गोल आणि त्यात अधिक-उणे, त्याचा फोटो इथे टाका मग सांगतो. तापकीर गल्लीत जुळणारा अ‍ॅडॅप्टर मिळेल, स्टिकरचा फोटो दाखवूनच घ्या.

तोपर्यंत कॅसेटच्या पट्ट्या कापसाच्या इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, मेडिकलमध्ये किंवा मोबाईल रिपेअरवाल्याकडे मिळतं. फुंकर मारू नका (नाव माझं तसलं असलं तरी), तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्या काळ्या पडतात. आणि ते शॉ वॉलेसचं खोकं कृपया टाकू नका, सेगा भारतात त्यांच्याचमार्फत यायचं, मशीन जगात लाखो आहेत पण ते खोकं नाही.

आठबिटी_बाणेर:

खोक्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा ना ताई, आत वॉरंटी कार्ड असेल तर त्याचा पण. मशीन कुणालाही द्या, फोटो मला पाठवलेत तरी चालेल.

सिंहगडरोडवाला:

सगळ्यांचे मनापासून आभार. एमराल्डची कॅसेट आज बुधवारी जाऊन परत बघितली, स्टिकरवर ठसा नाही आणि आत सेलही नाही, सोडून दिली. त्याच्याच शेजारच्या पोत्यात मीडियाचं मशीन मिळालं, एक रिमोट, बंदूक आणि अडीचशे रुपये. बंदूक एलईडी टीव्हीवर चालत नाही असं ऐकलंय, ते खरं आहे का?

@मृणाल_सदाशिव, तुमचं ठरलं नसेल तर आम्हाला सोनिक खेळायला नक्की आवडेल, पण आधी भावाला एकदा परत विचारा, नंतर त्याला वाईट वाटायला नको.

रविवारपेठी:

खरं आहे, बंदूक पडद्यावरच्या प्रकाशाच्या वेळेवर चालते, ते फक्त जुन्या काचेच्या टीव्हीवर जमतं. भंगारवाल्याकडे चौदा इंची मिळेल, पण चालू करून दाखव म्हणा आणि घरी आणल्यावर मागचं झाकण स्वतः उघडू नका, बंद असला तरी आत जोरदार करंट साठून राहतो. माझ्याकडे एक जास्तीचा ओनिडा आहे, चालू आहे, घेऊन जायची तयारी असेल तर मेसेज करा.

मृणाल_सदाशिव:

छोटं मॉडेल आहे, हेडफोनचं भोक नाही. भाऊ म्हणाला खेळणारं लहान मूल असेल तर बिनधास्त दे, फक्त सोनिकचा शेवटचा बॉस हरवल्याचा फोटो पाठवा म्हणे. अ‍ॅडॅप्टर शनिवारी आणते.